दोराचं मोकळं टोक

नोकरीला लागलो तेव्हा मला सगळ्यात हलकं वाटलेलं काम म्हणजे मॅनहोलच्या तोंडाशी उभं राहणं. साल १९९१. आयटीआय करून कोकणातल्या एका रासायनिक कारखान्यात मेंटेनन्सला चिकटलो होतो. टाकीच्या आत वेल्डर, फिटर, हेल्पर घामानं निथळताहेत आणि बाहेर एक जण नुसता उभा. हातात पान्हा नाही, कपड्यांना ग्रीस नाही. कागदावर त्याला ‘स्टँडबाय’ म्हणत, आम्ही पोरं ‘वॉचमन’ म्हणायचो. ज्याची कंबर धरलीय, ज्याची निवृत्ती दोन वर्षांवर आलीय, किंवा जो नवखा आहे आणि ज्याला अजून काहीच येत नाही, त्याला तिथं उभं करायचं असा रिवाजच होता. मी तिसऱ्या प्रकारातला.

पुढची सत्तावीस वर्षं याच कामाच्या आजूबाजूला गेली, त्यातली शेवटची बारा सेफ्टीत. त्या बारा वर्षांत मी शेकडो लोकांना प्रशिक्षण दिलं, आणि दर वेळी पहिला अर्धा तास नावावरच जायचा. ‘कन्फाइन्ड स्पेस’, म्हणजे बंदिस्त जागा, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पाइपात सरपटणारा माणूस येतो. अंग चोरून बसावं लागतं ती जागा. मग मी त्यांना आमच्या मोलॅसिसच्या, म्हणजे उसाच्या मळीच्या, टाकीचा फोटो दाखवायचो. आत क्रिकेट खेळता येईल एवढी ती टाकी. जागा लहान की मोठी, हा प्रश्नच नसतो. माणसानं तिथं थांबून काम करावं म्हणून ती बांधलेली नाही, आत शिरायला-निघायला वाट अडचणीची आहे, आणि आतली हवा बाहेरच्या हवेसारखी असेल याची खात्री नाही, एवढं पुरतं. म्हणून वरून सताड उघडा असलेला खड्डासुद्धा त्यात येतो. “वर आभाळ दिसतंय की साहेब!” असं एक जण म्हणाला होता. आभाळ दिसतं म्हणून खड्ड्याच्या तळाशी साचलेला जड वायू वर चढून येत नाही.

पण हे सगळं नंतर कळलं. त्याआधी १९९३ मधला तो दिवस.

सॉल्व्हंटची आडवी टाकी होती, बाजूला गुडघ्याएवढ्या उंचीवर मॅनहोल. आग लागू नये म्हणून अशा टाकीत द्रावणाच्या वर नायट्रोजन भरून ठेवतात. टाकी रिकामी केली, धुतली, ब्लोअर लावून हवा मारली, सकाळी नऊला मीटर घातला. ऑक्सिजन २०.८ टक्के. उत्तम. नायट्रोजनच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला होता. त्या लाइनमध्ये ब्लाइंड, म्हणजे पाइपाच्या बोल्ट लावलेल्या जोडात (फ्लँजमध्ये) बसवायची पोलादी चकती, टाकायला हवी होती. ती टाकली नव्हती, कारण फ्लँजचे बोल्ट गंजले होते आणि काम दुपारपर्यंत संपणार होतं. व्हॉल्व्ह बंद आहे ना, मग झालं. कारखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा, जुना व्हॉल्व्ह ‘पास’ होतो, म्हणजे बंद असूनही झिरपतो, हे तो सांगेल. आमच्या घरचा नळसुद्धा घट्ट बंद केल्यावर टिपकतो, तरी आम्ही कारखान्यातल्या व्हॉल्व्हवर विश्वास ठेवतो.

साडेदहाला चहाची सुट्टी झाली. सगळे बाहेर आले, ब्लोअर बंद केला. स्टँडबायवरचे काका मला म्हणाले, “दोन मिनिटं उभा राहा रे, चहा घेऊन येतो.” मी उभा राहिलो. अकराच्या सुमारास हेल्पर एकटाच परतला. माझ्याच वयाचा, शेजारच्या गावचा. त्याचा पान्हा आत राहिला होता. “घेऊन येतो,” म्हणाला आणि शिरला. कमरेचा पट्टा त्यानं काढलाच नव्हता, दोरही लटकत होता. मी त्याला थांबवलं नाही. कशासाठी थांबवायचं? सकाळपासून चौघे जण आत-बाहेर करत होते.

तो पान्ह्यापर्यंत पोचला, वाकला आणि वाकलेला तसाच खाली बसला. ओरडला नाही, खोकला नाही, गळ्याला हात लावला नाही. दमल्यावर माणूस उकिडवा बसतो, तसा बसला. मग कलंडला.

पुढचं मला नीट आठवत नाही, आणि जे आठवतं त्याची लाज वाटते. मी त्याला हाक मारली आणि मॅनहोलमध्ये पाय घातला. विचार असा काही केलाच नाही. एक पाय आत, डोकं आत घालायला वाकलेलं, तेवढ्यात मागून कुणीतरी कॉलर धरून मला असा खेचला की मी ग्रेटिंगवर पाठीवर पडलो. आमचे फोरमन. सगळा प्लांट त्यांना मामा म्हणायचा. मामा ओरडले, “दोर ओढ, गाढवा!”

दोर माझ्या पायाशी पडला होता. त्याचं मोकळं टोक अक्षरशः माझ्या बुटाखाली होतं.

आम्ही तिघांनी ओढला. कमरेला पट्टा बांधलेला बेशुद्ध माणूस ओढला की मधोमध दुमडतो, हे त्या दिवशी कळलं. तो मॅनहोलच्या कडेला अडकला, मामांनी तोंड बाजूला फिरवून, श्वास धरून त्याचे दंड पकडले आणि बाहेर काढला. तो वाचला. आजही भेटला की हसतो, आणि मला त्या हसण्याचं काय करावं ते समजत नाही. (खांद्यांवरून जाणारा, पाठीशी कडी असलेला हार्नेस आमच्याकडे त्यानंतर आला. तो माणसाला उभा सरळ वर आणतो. अशा गोष्टी नेहमी त्यानंतरच येतात.)

किती तरी वर्षं मला एकच प्रश्न छळत होता. तो ओरडला का नाही? गुदमरणारा माणूस तडफडतो, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. पाण्यात बुडणारा हातपाय मारतो. मग हा एवढा शांत कसा बसला?

उत्तर आपल्याच शरीरात आहे, आणि ते कळल्यापासून माझा माझ्या शरीरावरचा विश्वास थोडा कमी झाला. श्वास कोंडल्यावर जी घालमेल होते ती ऑक्सिजन संपल्यामुळे होत नाही. ती होते कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. शरीर मुख्यतः तोच मोजतं. नायट्रोजन भरलेल्या टाकीत माणूस मजेत श्वास घेतो, सोडतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत राहतो, त्यामुळे आतली घंटा वाजतच नाही. उलट प्रत्येक श्वासागणिक रक्तातला उरलासुरला ऑक्सिजन फुप्फुसातून बाहेर जातो. बाहेरच्या हवेत तो २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की आत जायचं नाही, हा अनेक देशांत मानला जाणारा आकडा. बारा-चौदाला डोकं चुकीचे निर्णय घेऊ लागतं, पण आपलं काही चुकतंय असं वाटत नाही, काहींना तर छान वाटतं. सहाच्या खाली काही श्वासांत शुद्ध हरपते. “जीव घाबरला की लगेच बाहेर येईन” असं मला सांगणारे मजूर, इंजिनिअर, ठेकेदार, एक डॉक्टरसुद्धा भेटले. जीव घाबरतच नाही.

नाकाचीही तीच गत. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, हे सगळ्यांना पाठ. गटार, ईटीपीची (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटची) टाकी, मळीचा खड्डा, शेणाच्या स्लरीची विहीर, जिथं काही कुजतं तिथं हा असतो. इतका थोडा असतानाही वास येतो की नाकाला तो मोठा हुशार वाटतो. पण हवेत शंभर पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत शंभर भागांच्या, आसपास पोचला की काही मिनिटांत वास घ्यायची नस बधिर होते. वास जातो. माणूस म्हणतो, “हां, आता हवा खेळली.” पाचशे-सातशेला माणूस कोसळतो, हजाराला तर एक-दोन श्वास. आमच्या ईटीपीवरचा एक ऑपरेटर अभिमानानं सांगायचा की आपल्याला आता वास जाणवतच नाही, सवय झाली. मी त्याला महिनाभर रोज हेच सांगत होतो, की तुझ्या नाकाला झाली असेल, फुप्फुसाला होत नाही.

आणि मास्क. कोविडनंतर तर प्रत्येकाच्या खिशात मास्क. रुमाल ओला करून बांधणारे पूर्वीही होते. धूळ अडवणारा मास्क वायू अडवत नाही, आणि डब्याचा गॅस मास्क ठरावीक विषारी वायू शोषतो, पण हवेत नसलेला ऑक्सिजन तो आणणार कुठून? तिथं पाठीवर सिलिंडर घेतलेला बीए सेट किंवा बाहेरून नळीनं हवा देणारा मुखवटाच लागतो. यावरून आणखी एक. आत उकडतंय म्हणून कटिंगच्या सिलिंडरमधला ऑक्सिजन सोडणारा वेल्डर मी डोळ्यांनी पाहिलाय. ऑक्सिजन म्हणजे चांगला, मग जास्त म्हणजे अधिक चांगला. साडेतेवीस टक्क्यांच्या वर गेला की सुती कपडासुद्धा ठिणगीनं भडकतो, आणि मग विझवायला वेळ मिळत नाही.

मीटरबद्दलही बोलायला हवं, कारण शिकल्यासवरल्या लोकांचा गैरसमज तिथं असतो. मीटर म्हणजे देवाचा कौल नव्हे. आमचा चार वायूंचा मीटर ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड सांगायचा. टाकीत पाचवंच काही असेल तर तो बिचारा शून्य दाखवून गप्प. शिवाय दाराशी धरून घेतलेलं रीडिंग म्हणजे दाराचं रीडिंग. मिथेन हलका, वर जाऊन बसतो. कार्बन डायऑक्साइड दीडपट जड, तळाला. म्हणून नळी वर, मध्ये, खाली अशी सोडायची आणि प्रत्येक ठिकाणी नळीतून हवा मीटरपर्यंत पोचेस्तोवर थांबायचं. हे थांबणं कुणाला आवडत नाही. आणि सकाळचं रीडिंग हे सकाळचं असतं. गाळात फावडं घातलं की आत अडकलेला वायू सुटतो, चहाच्या सुट्टीत ब्लोअर बंद पडला की हवा बदलते. नऊच्या २०.८ नं अकराला त्या पोराला काय दिलं, ते मी बघितलंय.

निवृत्तीनंतर देशावरच्या माझ्या आजोळी गेलो होतो. मामेभावाच्या विहिरीतला गाळ काढायचा होता. तिथं अजून जुनी पद्धत आहे. आधी कंदील दोरीला बांधून खाली सोडायचा. विझला तर उतरायचं नाही, मग लिंबाचा टाळा बांधून वर-खाली करायचा, बादल्यांनी पाणी मारायचं. आपले पूर्वज वेडे नव्हते. टाळ्यानं आणि पाण्यानं हवा थोडीफार हलते, आणि कार्बन डायऑक्साइडनं भरलेल्या विहिरीत कंदील विझतो हेही खरं. पण ज्योत साधारण सोळा टक्के ऑक्सिजनपर्यंत तग धरते, त्याच्या बऱ्याच आधी माणसानं बाहेर असायला हवं. आणि विषारी वायूचं तिला काहीच कळत नाही. डिझेल इंजिनाचा धूर विहिरीत बसला असेल, कार्बन मोनॉक्साइड माणूस मारण्याइतका असेल, तरी कंदील छान तेवत राहील. मिथेन असला तर कंदीलच स्फोट करेल. मी हे सगळं मामेभावाला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, “दादा, मग आम्ही इतकी वर्षं कसे जगलो?” याला उत्तर देणं अवघड आहे. जे जगले नाहीत ते हा प्रश्न विचारायला येत नाहीत.

नेवासा तालुक्यातल्या वाकडीची घटना त्याला माहीत होती. एप्रिल २०२४. शेणाची स्लरी साठवायला वापरात असलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्याला काढायला एक उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. सहावा वाचला, त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. मामेभाऊ हळहळला आणि म्हणाला, “पण घरातलं माणूस बुडताना दिसल्यावर काठावर कोण उभं राहील?”

तिथं माझं बोलणं संपलं. कारण मीही पाय आत घातला होता.

अमेरिकेतल्या निऑश या सरकारी संशोधन संस्थेनं १९८६ साली एक इशारापत्रक काढलं होतं. बंदिस्त जागांमधल्या मृतांत साठ टक्क्यांहून अधिक लोक दुसऱ्याला वाचवायला गेलेले असतात, असं त्यात म्हटलं होतं. मी हा आकडा प्रशिक्षणात फळ्यावर लिहायचो. लोक तो वहीत उतरवून घ्यायचे, आणि तरीही मला ठाऊक होतं की वेळ आली तर यातले निम्मे धावतील.

मुलगी लंडनला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा सेंट पॉल कॅथेड्रलच्या जवळ पोस्टमन्स पार्क नावाची एक छोटी बाग बघितली. तिथं एका पडवीच्या भिंतीवर चिनी मातीच्या फरशा बसवल्यात. दुसऱ्याचा जीव वाचवताना मेलेल्या साध्या माणसांची नावं. जी. एफ. वॉट्स या चित्रकाराची ही कल्पना, १९०० साली ती उभी राहिली. एका फरशीवर चौघांची नावं एकत्र आहेत. ईस्ट हॅमच्या सांडपाण्याच्या पंपिंग केंद्रात १ जुलै १८९५ रोजी सोबत्याला वाचवण्याच्या शर्थीच्या प्रयत्नात प्राण गमावले, असं लिहिलंय. ज्याला वाचवायला गेले तोही वाचला नाही. म्हणजे एकूण पाच.

मुलगी म्हणाली, “बाबा, किती सुंदर आहे ना हे?” आहेच. मी बराच वेळ उभा होतो. १८९५ चं ईस्ट हॅम आणि २०२४ चं वाकडी, एकामागून एक उतरण्याची रीत तीच. मला त्या चौघांना नावं ठेवायची नाहीत, माझी ती लायकी नाही. पण वाटलं, काठावर राहून, दोर ओढून सोबत्याला बाहेर काढणाऱ्याची फरशी कुठं असते? आपल्याकडेही जिवाला जीव देणाऱ्याचे पोवाडे होतात. तोंड बाजूला फिरवून, श्वास धरून दंड पकडणाऱ्या मामांचं कुणी काही लिहिलं नाही. त्यांना तर त्या दिवसाबद्दल मेमो मिळाला, पाळीचे फोरमन म्हणून.

खरं तर कायद्यानं हे सगळं फार पूर्वी लिहून ठेवलं होतं. आमच्या नोकरीभर जो लागू होता त्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाचं कलम ३६. जाणकार माणसानं स्वतः चाचणी करून आतली हवा ठीक असल्याचा लेखी दाखला द्यावा, नाहीतर आत जाणाऱ्यानं श्वसनयंत्र लावावं आणि पट्ट्याला दोर घट्ट बांधलेला असावा, ज्याचं मोकळं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असेल. ‘स्वतः चाचणी करून’ हे शब्द वाचले की मला टेबलावर बसून सह्या ठोकलेली परमिटं आठवतात. आणि ‘बाहेरच्या माणसाच्या हातात’ हे वाचलं की माझा बूट.

गटारात उतरणाऱ्यांबद्दल मात्र गैरसमज हा शब्द वापरायला माझी जीभ वळत नाही. “त्यांना सवय असते”, “दारू पिऊन उतरतात म्हणून मरतात”, असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये बसून म्हणणाऱ्यांना खरं काय ते कळत नसतं असं नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. गटारातल्या मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली दहा लाख ठरवली, २०२३ साली ती तीस लाख केली. उतरणारा कोणत्या वस्तीतून येतो आणि झाकण उघडायला सांगणारा कोणत्या, हे बदललेलं नाही.

मागच्या वर्षी आमच्या सोसायटीची जमिनीखालची पाण्याची टाकी धुवायची ठरली. सेक्रेटरी म्हणून माझ्याच गळ्यात पडलं. ठेकेदार दोन पोरं घेऊन आला. मी मीटर मागवलाय म्हटल्यावर तो हसला. “काका, प्यायच्या पाण्याची टाकी आहे, गॅस कुठून येणार?” मी त्याला मार्च २०२५ मधलं मुंबईतलं नागपाडा सांगितलं. बांधकाम चालू असलेल्या इमारतीची पाण्याची टाकी साफ करायला उतरलेले चौघे गुदमरून मेले. बंद टाकीत गंजणारं लोखंड ऑक्सिजन खातं, आत राहिलेल्या सेंट्रिंगच्या फळ्या कुजतात. इंजिनाचा पंप आतच लावला तर त्याचा धूर साठतो, ब्लीचिंग पावडरवर ॲसिड ओतलं तर क्लोरिन निघतो. त्याला यातलं किती पटलं कुणास ठाऊक. पण पैसे मी देणार होतो, म्हणून तो थांबला.

रीडिंग तीन ठिकाणी घेतलं, ठीक होतं. ब्लोअर चालू ठेवला, वर तिपाई उभी केली, पोराला हार्नेस चढवला आणि तो उतरला. “बोलत राहा,” मी म्हटलं. “काय बोलू?” “काहीही. गाणं म्हण.” त्याला गाणं येत नव्हतं, म्हणून तो आतून कोपरे मोजत राहिला, घासून झाला की आकडा सांगायचा. मी काठावर दोर धरून उभा. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी खाली आल्या. “अहो भाऊ, तुम्ही कशाला उन्हात नुसते उभे? माणसं लावलीत ना?” त्यांनी चहाचा कप पुढं केला. आतून आवाज आला, “तीन झाला, काका.”

“ठेवा कठड्यावर,” मी वहिनींना म्हटलं. दोन्ही हात दोरात होते.